सिस्टर विचारून आत आल्या

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही जमलं नाही. चौथीनंतर पेन हातात आलं ते बहुतेक सही करायलाच. हे कागद मी कोणाला दाखवणार नाही. तरी चुकांबद्दल आधीच माफी मागून ठेवते, कारण ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना गचाळ काम आवडत नसे. चादरीचा कोपरा सुटलेला दिसला तर परक्याच्या घरातही त्या वाकून तो नीट खोचायच्या.

लिहायचं कारण असं झालं. गेल्या आठवड्यात लेक-जावई जेवायला आले होते. टीव्ही चालू होता. कुठल्याशा देशात एक हुकूमशहा आहे, त्याला हटवायला दुसऱ्या देशानं लढाई करावी की नाही, यावर चार माणसं चार चौकटींत बसून ओरडत होती. मग आमच्या पानावरही तेच सुरू झालं.

जावई म्हणाले, "अशा माणसाला उचलायलाच पाहिजे. आतली माणसं मरतायत आणि बाकीच्यांनी काय बघत बसायचं?"

माझा मुलगा संदेश म्हणाला, "भावजी, बॉम्ब काय त्या एकट्याच्या ताटात पडतो?"

"बरं, मग तू सांग. काय करायचं?"

 संदेशने माझ्याकडे ताट सरकवून कालवण मागितलं. मी वाढलं आणि आत गेले. मला चार माणसांत बोलता येत नाही, ती चार माणसं घरचीच असली तरी. पण या प्रश्नाचं उत्तर ज्यांनी नुसतं दिलं नाही, माझ्या डोळ्यांसमोर जगून दाखवलं, अशा एका बाईला मी ओळखत होते. ते बोलता आलं नाही म्हणून लिहिते.

त्यांचं नाव शेवंता, पण रत्नागिरीत त्यांना त्या नावानं कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही. सगळे सिस्टर म्हणायचे. मांडवीकडे उतरताना आमची आळी लागते, तिथे त्यांचं स्वतःचं घर होतं. आम्ही त्यांच्या शेजारी नानांच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मधली चिऱ्याची भिंत एकच. नाना म्हणजे आमचे घरमालक, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी पायरीवर बसून सगळ्या जगाचा निकाल लावणारे.

सिस्टर लांज्याकडच्या एका गावातल्या बौद्ध कुटुंबातल्या. नर्सिंग शिकल्या आणि तरुणपणीच इराकला गेल्या. बसऱ्याच्या एका हॉस्पिटलात बरीच वर्षं होत्या. बाहेरच्या फौजांची तिथली पहिली लढाई तोंडावर आली तेव्हा परत आल्या. साठवलेल्या पैशांतून हे घर घेतलं. लग्न केलं नाही. आळीत राहायला आल्या तेव्हा काही घरं त्यांच्याकडचं पाणी घेत नव्हती. पुढे त्याच घरांतली माणसं ताप आला की त्यांच्या दारात उभी राहायची, आणि सिस्टर कोणाला काही बोलून दाखवायच्या नाहीत. फक्त म्हणायच्या, "हात धुऊन या." आणि साबण पुढे करायच्या. मग ते नाना असोत नाहीतर नानांची आई.

अंगानं उंच, सडसडीत. चालताना पावलांचा आवाज व्हायचा नाही. घड्याळ मनगटावर न बांधता छातीशी पिनेनं लावलेलं. चहा बिनदुधाचा, छोट्या काचेच्या पेल्यात, आणि साखरेचा खडा दातात धरून वरून चहा प्यायच्या. आळीतली मुलं ते बघायला खिडकीशी जमायची. बोलताना त्यांच्या तोंडात हॉस्पिटल, गाव आणि अरबी असं सगळं एकत्र यायचं. कोणी फार रडायला लागलं की म्हणायच्या, "आधी श्वास घे. बाकी मग बघू."

इराकच्या हुकूमशहाला हटवायची दुसरी लढाई टीव्हीवर सुरू झाली तेव्हा माझी मुलगी पूजा नुकती शाळेत जायला लागली होती आणि संदेश कडेवर होता. नानांच्या पायरीवर रोज वाद. आळीतले दाऊदभाई पूर्वी जहाजावर भटारी, म्हणजे स्वयंपाकी होते, आखाताची बंदरं त्यांनी पाहिलेली. ते म्हणायचे, "नाना, हे तेलासाठी आलेत. माणूस बिणूस काय हटवायचा नाय त्यांना." नाना म्हणायचे, "अहो, प्रत्येकाचा देश म्हणजे त्याचं घर. दुसऱ्याच्या घरात शिरायचा अधिकार कोणाला?" तेवढ्या एका गोष्टीवर दोघांचं जमायचं, म्हणून दोघंही जरा नाराज असायचे.

एका संध्याकाळी सिस्टर पाण्याची कळशी घेऊन जात होत्या. नानांनी हाक मारली. "काय सिस्टर, तुमच्या राजाचं आता कठीण दिसतंय."

सिस्टरनी कळशी खाली ठेवली. म्हणाल्या, "नाना, माझ्याबरोबर सुआद नावाची नर्स होती. तिच्या भावाचं शिवणाचं दुकान. दुकानात त्या माणसाची तसबीर लावायलाच लागायची. एक दिवस तसबिरीवर माशी बसली, ती भावानं पेपरानं मारलीन. गिऱ्हाईकानं बघितलंन. दोन दिवसांनी त्याला घेऊन गेले."

"मग?"

"मग काय नाय. परत आला नाय. सुआद दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आली. रडायची पण सोय नव्हती, रडली असती तर कोणासाठी म्हणून विचारलं असतं. चादरी ठेवायची आमची खोली होती, तिथं मी तिला घेऊन गेले आणि दार लावलं. घडी घातलेल्या चादरीत तोंड खुपसून रडली. मग मला विचारलंन, शेवंता, बाहेरून कोणीच येणार नाही काय गं?"

दाऊदभाई म्हणाले, "तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, ड्यूटीची वेळ झाली."

 नानांनी विचारलं, "म्हणजे ही लढाई बरोबर, असं तुमचं म्हणणं?"

"तेलासाठी आलेत हे तुमचं बरोबर आहे. सुआदचा प्रश्न पण बरोबर आहे. माझ्या हातात दोन्ही आहेत, कुठलं टाकू?" असं म्हणून त्यांनी कळशी उचलली.

तो माणूस गादीवरून गेला तेव्हा सिस्टरनी आळीत खजूर वाटले. काही आठवड्यांनी सुआदचा फोन आला, कोणा परदेशी माणसाच्या फोनवरून केलेला. सिस्टर मोठमोठ्यानं अरबीत बोलत होत्या, हसत होत्या. एवढं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. उन्हाळा सरता सरता दुसरा फोन आला. त्या वेळी मी त्यांच्याकडे तांदूळ निवडत बसले होते. सिस्टर नुसतं ऐकत होत्या. फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, "हॉस्पिटल लुटलं. खाटा नेल्या, औषधं नेली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवायची पेटी होती, ती पण नेली. सुआद म्हणते, तेलाच्या विहिरींवर पहारा लागला, हॉस्पिटलच्या दारात एक माणूस उभा नव्हता."

 मी म्हटलं, "म्हणजे त्याला काढलं ते चुकलंच."

"असं सुआद म्हणाली नाही. मी तिला विचारलं. ती म्हणाली, मला काय विचारतेस, जे आले त्यांना विचार, आता कुठं आहेत."

त्यानंतर किती दिवस सिस्टर पायरीवरच्या वादात थांबल्या नाहीत. नानांनी हाक मारली तरी मान हलवून पुढे जायच्या.

आता माझ्या घराचं सांगायला हवं, त्याशिवाय सिस्टर कळणार नाहीत. थोडक्यात सांगते. माझा नवरा बंदरावरून मासळीचा टेम्पो चालवायचा. दारू प्यायचा आणि मारायचा. सगळ्या आळीला माहीत होतं. आमच्याकडे असं आहे की कोणाच्या घरातून आवाज आला की शेजारची बाई आपल्या घरातली भांडी जरा जोरात आपटते. म्हणजे आतल्या माणसाला कळतं की बाहेर ऐकू जातंय. त्याने कधी हात थांबतो, कधी नाही. यापुढे कोणी जात नाही. नवरा-बायकोच्या मध्ये जायचं नसतं. सिस्टरही त्यांच्या बाजूनं भिंतीवर दोनदा थाप मारायच्या, तेवढंच.

त्याच वर्षी एके दिवशी दिवेलागणीची वेळ होती. त्यानं आतून कडी घातली आणि कडीत टेम्पोचं कुलूप अडकवलं. मुलं आत होती. काय झालं ते लिहीत नाही. पूजा ओरडली. भिंतीवर थाप आली नाही. मला वाटलं, सिस्टर घरात नसतील. मग खिडकीशी त्यांचा आवाज आला.

"वनू, मी आत यायला हवी आहे का?"

नवरा म्हणाला, "म्हातारे, तुझ्या घरी जा."

"तुला नाही विचारलं. तिला विचारतंय. वनू, हो की नाही, एवढंच सांग."

मला आजवर कोणी असं विचारलं नव्हतं. लग्न ठरवताना नाही, काही नाही. खिडकीच्या गजांमधून त्यांचा चेहरा दिसत होता. त्या घाईत नव्हत्या. मी नाही म्हटलं असतं तर त्या खिडकीशीच उभ्या राहिल्या असत्या, पण आत आल्या नसत्या, हे मला तेव्हाही कळलं. मी म्हटलं, "या."

तरी त्या लगेच आल्या नाहीत. आधी दाऊदभाईंना आणि त्यांच्या दोन मुलांना घेऊन आल्या, नानांना बोलावलं. बाहेरचं बोलणं मला ऐकू येत होतं.

नाना म्हणत होते, "सिस्टर, नवरा-बायकोचं आहे. आणि दार माझं आहे."

"दाराचे पैसे मी देते. नवरा-बायकोचं काय ते तिनं आत्ताच सांगितलंन. दाऊदभाई, त्याला फक्त धरायचं. कोणी मारलंन तर मी त्याच्याविरुद्ध साक्ष देईन, सांगून ठेवते."

मग त्यांनी स्वतः नारळ सोलायची पहार घेऊन दार फोडलं. सागाचं जुनं दार, बराच वेळ लागला. आत आल्यावर त्यांनी नवऱ्याकडे बघितलंही नाही. आधी मुलांना बाहेर दिलं, मग माझ्या डोक्याला कापड बांधलं. पोलीस आले, त्याला घेऊन गेले. नंतर त्याचा भाऊ त्याला नाट्याला, त्यांच्या गावी घेऊन गेला.

इथवर कोणीही करील, निदान एखादं माणूस करील. मी सिस्टरपुढे हात जोडते ते यापुढच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर दार नसलेल्या चौकटीत सिस्टर स्टुलावर बसल्या होत्या. रात्रभर तिथेच होत्या. सुतार येईपर्यंत हलल्या नाहीत. सुतार आल्यावर त्याला म्हणाल्या, "कडी आतून अशी लाव, की मुलाच्या हाताला पण येईल." त्याचे पैसे दिले. तेवढ्यात नाना आले. घरात पुरुष नाही, भाडं कोण देणार, महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा, असं त्यांनी मला न सांगता सिस्टरना सांगितलं.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "वनू, तो घरात काय द्यायचा? खरं सांग, लाजू नको."

मी सांगितलं. फार नव्हतं. पण भाडं त्यातूनच जायचं, तांदूळ त्यातूनच यायचे.

"नाना, भाडं दर महिन्याला मिळेल. माझ्याकडून."

मी म्हटलं, "सिस्टर, एवढे उपकार कसे घेऊ?"

त्या जरा रागावल्याच. "उपकार नाय हे. उपकार म्हटलं की उद्या कंटाळा आला तर मी बंद करू शकते. या घरातला कमावता माणूस मी बाहेर काढलाय. ते भरून द्यायला लागणार मला. मुलगा कमवायला लागेपर्यंत माझ्यावर कर्ज आहे तुझं."

संदेश तेव्हा जमिनीवर बसून कुलूप चोखत होता.

मला वाटलं बोलण्यापुरतं आहे. पण महिना संपला की त्या यायच्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या, मी या म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायच्या नाहीत, इतक्या वर्षांत एकदाही नाही. पैसे हातात द्यायच्या आणि मोजायला लावायच्या. त्या पैशांचं मी काय केलं हे कधी विचारलं नाही. मी काय शिजवते, मुलांना कुठल्या शाळेत घालते, यात त्यांनी तोंड घातलं नाही. पुढे मला काजूच्या कारखान्यात काम मिळालं, टरफलाच्या चिकानं हात काळे पडून सोलवटले, तेव्हा त्या खोबरेल लावून द्यायच्या. पण पैसे कमी केले नाहीत. मी म्हटलं, आता मी कमावते. म्हणाल्या, "ते तुझे. तुझ्या कमाईनं माझं कर्ज कसं फिटेल?"

सगळं काही गोड नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात फार वाईट दिवस गेले. संदेशला ताप, काम नाही, घर गळतंय. वर तो सारखं बाबा पाहिजे म्हणायचा. कारण बाप चांगला असेल त्या दिवशी त्याला टेम्पोत मांडीवर बसवून बंदरापर्यंत न्यायचा. मुलाला तेवढंच आठवायचं. एका दुपारी विहिरीवर कपडे धुताना सिस्टर शेजारी होत्या आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "त्यापेक्षा तो होता तेच बरं होतं. तुम्ही आला नसता तर निदान मुलं बापाची तरी राहिली असती."

बोलले आणि हातातला कपडा तसाच राहिला. मला वाटलं, आता या उठून जातील. सिस्टरनी धुणं थांबवलं नाही. पिळा घालत म्हणाल्या, "बोल. हे पण मी ऐकायचं असतं. आत शिरलं की हे ऐकायला लागतं." मग थोड्या वेळानं, "त्याला ताप किती आहे?" विचारलं आणि ओल्या लुगड्यानंच आमच्याकडे आल्या.

मी कितीतरी माणसं बघितली आहेत ज्यांनी कोणासाठी काही केलं की त्याच्याकडून गोड शब्दाची वाट बघतात. सिस्टरना तो नको होता. शिवीसुद्धा चालत होती.

वर्ष होत आलं तेव्हा नवरा भावाबरोबर आला. अंघोळ केलेला, स्वच्छ शर्ट, हातात नारळ आणि माझ्यासाठी लुगडं. दारू सोडली म्हणाला. आळी जमली. सिस्टर आमच्या पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, फक्त पाठ फिरवून बसल्या.

नाना म्हणाले, "सिस्टर, तुम्ही सांगा हिला. चार माणसांचा संसार आहे."

"मी बाहेरची आहे, नाना."

"दार फोडताना नव्हता बाहेरच्या?"

"तेव्हाही होते. म्हणून विचारून आले."

मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मनातून म्हणत होते, एकदा वळा, मानेनं तरी सांगा. त्यांनी खडा निवडून बाजूला टाकला. दुसरा टाकला. मला त्यांचा इतका राग आला की त्या रागानंच मला आवाज फुटला. मी नवऱ्याला म्हटलं, "नको. मुलांना भेटायचं तर दिवसा ये, पायरीवर भेट." तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. तसा पुढे दोन-तीनदा आलाही, पायरीवर बसून मुलांना गोळ्या देऊन गेला. मग यायचा थांबला.

लोक गेल्यावर मी सिस्टरना विचारलं, "मी हो म्हटलं असतं तर?"

"तर मीच त्याला पाट दिला असता बसायला. आणि भिंतीला कान लावून झोपले असते, आयुष्यभर."

असं हे माणूस होतं. पुढे एकदा दाऊदभाईंनी त्यांना धरलंच. दाऊदभाई तेव्हा म्हातारे झाले होते, पायरीवर नाना आणि ते असे दोघंच उरले होते. म्हणाले, "सिस्टर, इतकी वर्षं टाळलंत. आज सांगा. तिकडची ती लढाई, बरोबर का चूक?"

मी शेजारी लसूण सोलत होते. सिस्टर पायरीवर टेकल्या. म्हणाल्या, "सुआदच्या भावाला नेलं त्या रात्री कोणी आलं असतं तर मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं. जे आले ते त्याच्यासाठी आले नाहीत, आणि तो केव्हाच गेला होता. पण समजा, चांगल्या मनानं आले असते. तरी आतल्या माणसांना विचारायला नको? बरं, विचारलं, ती हो म्हणाली. मग जाणाऱ्यानं आधी आपल्या घरी बसून ठरवायचं, आपण किती वर्षं फेडणार. आपली मुलं, आपले पैसे, आपली झोप, यातलं किती घालणार. आणि ते लोक उद्या आपल्याला शिव्या देतील तेव्हा ऐकून घेणार का. हे सगळं होत असेल तर जावं. नायतर जाऊ नये."

नाना म्हणाले, "एवढं ठरवून कोण लढाईला जातो?"

"मग फार लढाया होणार नाहीत."

दाऊदभाई हसले नाहीत. म्हणाले, "आणि कोणीच गेलं नाही, तर त्या भावाचं काय?"

 सिस्टरनी छातीवरचं घड्याळ उगाच सरळ केलं. "ते मला माहीत नाही, दाऊदभाई. ते माहीत असतं तर मी चादरीच्या खोलीत तिला ड्यूटीची वेळ सांगितली नसती."

मला वाटतं, टीव्हीवरच्या त्या चौघांपैकी एकानं जरी एवढं म्हटलं असतं, मला माहीत नाही म्हणून, तर मी काम टाकून बसून ऐकलं असतं. सिस्टरनी ते पायरीवर, सगळ्यांदेखत म्हटलं. आणि तरी महिना संपला तेव्हा उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. माहीत नसतानाही जेवढं करायचं तेवढं त्या करत होत्या. मी त्यांच्याकडे बघायचे तेव्हा मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटायचं. त्यांना असं सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, हात धुऊन ये.

पूजाचं लग्न झालं. संदेश आयटीआय करून एका गॅरेजमध्ये लागला. त्या सुमारास सिस्टरचे पाय सुजायला लागले, चालताना आता पावलांचा आवाज व्हायचा. गावाहून त्यांची भाची न्यायला आली. घर बंद करायचं ठरलं. मी जाऊन भांडी बांधून दिली. 

गाडी आळीच्या तोंडाशी उभी होती, आत येत नाही ती. भाची दोनदा हाक मारून गेली. मी घरात डबा भरत होते, त्यांच्या वाटेसाठी. मागे बघितलं तर उंबऱ्याबाहेर सिस्टर उभ्या, भिंतीला धरून.

"वनू, येऊ का?"

"सिस्टर, या ना."

त्या आत येऊन पाटावर बसल्या. बसताना त्रास झाला. कमरेची पिशवी काढली.

"संदेशला पगार झाला?"

"झाला. काल आणून दिलान. पहिला."

"मग आता या महिन्याचे आणि मागचे. माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने राहिले होते, तुझ्या लक्षात नसेल."

माझ्या लक्षात होतं. मी कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, "सिस्टर, आता कशाला? तुम्हाला औषधाला लागतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खिडकीच्या गजांमधून बघितलं होतं तसंच, घाई न करता. मला एकदम कळलं की नको म्हणायचा अधिकार मला आहे, आणि मी नको म्हटलं तर त्या पैसे परत पिशवीत घालतील आणि जन्मभर त्यांच्यावर ते राहील. मी हात पुढे केला.

"मोज."

मी मोजले. नोटा कोऱ्या होत्या, बँकेतून मुद्दाम आणलेल्या. एकमेकींना चिकटत होत्या म्हणून मी परत मोजले. सिस्टर माझ्या बोटांकडे बघत होत्या.

"पुरे आहेत?"

"पुरे आहेत. त्या दोन महिन्यांचे धरून सगळे आले."

"म्हणजे फिटलं?"

"फिटलं, सिस्टर."

त्यांनी डोळे मिटले आणि एक मोठा श्वास घेतला. मग माझ्या खांद्यावर हात टेकून उठल्या आणि गाडीकडे गेल्या.